परत कुठे यायचं हे यंत्राला शिकवणारा माणूस

रिटर्न हा शब्द आपण लॅबमध्ये दिवसातून पन्नास वेळा टाइप करतो. पण फंक्शन संपल्यावर यंत्राने नेमकं कुठे परत यायचं, हा प्रश्न अगदी सुरुवातीला ज्यांनी कागदावर सोडवला त्यांत ॲलन ट्युरिंग होते. नाव सगळ्यांना माहीत, हे काम मात्र फारसं कोणी सांगत नाही.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ ला लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. आईवडील भारतात आणि मुलं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असं बरंचसं बालपण गेलं. हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९२६ मध्ये संपामुळे रेल्वे बंद होती, तर हा पोरगा सायकलवर जवळपास शंभर किलोमीटर जाऊन नव्या शाळेत हजर झाला! पुढे केंब्रिज, १९३६ चा प्रसिद्ध पेपर, मग महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम. त्यावर सिनेमा आलाच आहे.

१९४५ मध्ये ते नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेले आणि एसीई नावाच्या कॉम्प्युटरचा आराखडा लिहिला. त्यात ही गंमत आहे. समजा, मंठ्याहून जालन्याला निघालेला माणूस वाटूर फाट्यावर उतरून परतूरला कामाला गेला, आणि तिथून त्याला आष्टीला पाठवलं. आष्टीचं काम झाल्यावर आधी परतूर आणि मग वाटूर फाटा, हे त्याच्या लक्षात राहिलं पाहिजे. म्हणजे शेवटची नोंद आधी काढायची. ट्युरिंग यांनी नोंद ठेवण्याला पुरणं आणि काढण्याला उकरणं अशा अर्थाचे शब्द वापरले. आज आपण त्यालाच स्टॅक म्हणतो.

वेब प्रोग्रामिंगमधले घोळ इथेच कळतात. फॉरईचच्या आत लिहिलेला रिटर्न फक्त आतल्या फंक्शनमधून बाहेर पडतो, कारण वरची नोंद त्याचीच असते. सर्व्हरचं उत्तर येतं तोवर बाहेरचं फंक्शन केव्हाच परत गेलेलं असतं, मग कॉलबॅकमधला रिटर्न त्याला मिळणार कसा? एक घोळ मात्र वेगळा आहे. जावास्क्रिप्टमध्ये रिटर्ननंतर लगेच एंटर मारला तर भाषा तिथेच सेमीकोलन धरते, आणि खालच्या ओळीतला ऑब्जेक्ट सोडून हातात अनडिफाइंड येतं. त्याचा दोष ट्युरिंगना देऊ नका!

लॅबोरेटरीत यंत्र बांधायला उशीर होत गेला. कंटाळून १९४८ मध्ये ते मँचेस्टरला गेले. त्यांच्या आराखड्याची छोटी आवृत्ती, पायलट एसीई, १० मे १९५० ला चालली, तेव्हा ते तिथे नव्हते.

१९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल त्यांच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना हार्मोनचे उपचार घ्यावे लागले, गुप्त सरकारी कामही बंद झालं. आपल्याकडेही हा २०१८ पर्यंत गुन्हाच होता. ७ जून १९५४ ला सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४१. युद्धात त्यांनी काय केलं हे तेव्हा लोकांना माहीतच नव्हतं, सगळं गुप्त होतं.

२००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी दिलगिरी व्यक्त केली आणि २०१३ मध्ये राणीने माफी दिली. माफी गुन्हेगाराला देतात, त्यामुळे मला तरी हा शब्द खटकतो. २३ जून २०२१ ला, त्यांच्या वाढदिवशी, त्यांचं चित्र असलेली ५० पौंडांची नोट आली. तिच्यावर १९३६ च्या पेपरमधलं गणित आहे आणि मागे पायलट एसीई.