दुष्काळात पोरी हेरणारे दलाल फिरत होते, तेव्हा पंडिता रमाबाई थेट छावण्यांत पोचल्या

साल 1896. मध्य प्रांतात, म्हणजे आजचा पूर्व विदर्भ ते जबलपूर या पट्ट्यात, पावसानं दगा दिला. घरातलं धान्य संपलं, भांडी विकली, जनावरं गेली. लोक गाव सोडून सरकारी छावण्यांकडे निघाले. त्यांच्या मागोमाग मुली हेरणारे दलालही निघाले.

आईबाप गेलेल्या पोरी, एकट्या पडलेल्या तरुण विधवा हे त्यांचं सावज. पोटभर जेवणाचं आमिष दाखवायचं आणि घेऊन जायचं. काही ठिकाणी मूठभर धान्यासाठी घरचेच मुलगी देऊन टाकत होते.

ही खबर पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंपर्यंत पोचली आणि त्या थेट मध्य प्रांतात गेल्या.

भूक त्यांनी स्वतः भोगली होती

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आईनं रमाबाईंना. 1874 च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतरानं आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा 16 वर्षांच्या होत्या.

पुढे भावासोबत देशभर पायपीट झाली. 1878 ला कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 ला बिपिनबिहारी मेधावींशी आंतरजातीय लग्न झालं, पण दोनच वर्षांत ते कॉलऱ्यानं गेले. मागे उरली लहानगी मनोरमा. अनाथपण आणि वैधव्य, दोन्ही त्यांनी सोसलं होतं. अशा बाईला कोण, कसं गाठतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

वृंदावनात काय दिसलं?

दुष्काळाच्या आधी त्या यात्रेकरूच्या वेशात वृंदावनला गेल्या होत्या. घरच्यांनी सोडलेल्या विधवा तिथं पुण्याच्या आशेनं येत. त्यांना हेरणारी माणसं होतीच, त्यातून पुढे लैंगिक शोषण व्हायचं. या बाजाराला धर्माचा आडोसा मिळतो, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं.

300 मुली आणि केडगावचं रान

मध्य प्रांतातून 300 मुली आणायच्या असं त्यांनी ठरवलं आणि आणल्याही. पण पुण्यात प्लेगची धास्ती होती. नव्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात घेतलेल्या सुमारे 100 एकर शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढचं मुक्ती मिशन.

1897 ला आणखी एक प्रकरण घडलं. प्लेगच्या सक्तीत हॉस्पिटलमध्ये नेलेली त्यांची एक मुलगी परत आलीच नाही. पहारेकऱ्यानं तिला ठेवून घेतल्याचा आरोप रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मधल्या जाहीर पत्रातून केला. विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळला, पण ज्यांच्या ताब्यात मुली सुरक्षित असायला हव्यात त्यांनाच एका बाईनं जाब विचारला होता.

सुटका झाली, पुढे काय?

मुलीला नुसतं सोडवून भागत नाही. हातात काम नसेल तर ती पुन्हा त्याच जाळ्यात सापडते. म्हणून मुक्तीत लिहिणं-वाचणं, विणकाम, शिवण, शेती, छपाई असं सगळं शिकवलं जायचं. शोषण झालेल्या बायकांसाठी कृपा सदन हे वेगळं घर होतं. तेव्हा अशा बाईला बहुतेक घरांचं दार कायमचं बंद व्हायचं.

1899-1900 ला पुन्हा मोठा दुष्काळ पडला. मुक्तीतल्या मुली-बायकांचा आकडा दीड हजारांच्या पुढे गेला.

वादही झाले. 1883 ला इंग्लंडमध्ये रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या. शारदा सदनातल्या मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो म्हणून 1893 ला पुण्यात मोठं वादळ उठलं. ‘केसरी’नं टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. हा आक्षेप आजही घेतला जातो. पण त्या छावण्यांमधून मुलींना त्यांनी बाहेर काढलं, हेही तितकंच खरं. 1921 ला मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई.

हे आज वाशिममध्ये का वाचायचं?

1899-1900 च्या त्या दुष्काळात वऱ्हाडही होरपळलं होतं. वाशिम तेव्हा वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होता. 1905 ला तो मोडला आणि त्याचा बराचसा भाग अकोल्यात गेला, 1998 ला वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. आज तो देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. पीक गेलं की इथली कुटुंबं आजही कामासाठी बाहेर पडतात.

आमिषं बदलली आहेत. शहरातली नोकरी, हुंड्याशिवाय लग्न, मोबाईलवरची ओळख. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे. पण कायदा बहुतेकदा मुलगी गेल्यानंतर कामाला लागतो. ती जायच्या आधी तिच्यापर्यंत पोचणं, हे काम रमाबाईंनी केलं. ते आता शाळेचं, ग्रामपंचायतीचं, शेजाऱ्यांचं आहे.

ओळखीतल्या मुलीला कुणी अनोळखी माणूस काम द्यायला म्हणून नेत असेल, तर कामाचा पत्ता विचारा, खात्री करा. संशय आला तर 112 वर फोन करा. मुलगी 18 च्या आतली असेल तर चाइल्डलाइनचा नंबर आहे 1098.