एकाच माणसाने .३२ बनवलं आणि .४५ही, मग हाताला झटका जास्त कशाचा बसतो?

गडचिरोलीतल्या मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते. वैनगंगेच्या काठी भाविकांची रीघ लागते आणि पोलिसांचा बंदोबस्तही असतो. अशा बंदोबस्तात एखाद्या अधिकाऱ्याच्या कमरेला ९ मिमीचं देशी पिस्तूल दिसलं, तर ते बहुधा पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं असतं. पण त्याच्या डिझाइनचं मूळ शोधत गेलात, तर १९२६ सालीच वारलेल्या एका अमेरिकन माणसापाशी पोहोचाल. जॉन मोझेस ब्राउनिंग.

नाव ओळखीचं वाटतंय ना? १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून गुपचूप पाठवलेली २० पिस्तुलं ब्राउनिंगचीच होती.

१८५५ मध्ये युटामधल्या ऑग्डेन गावात ब्राउनिंगचा जन्म झाला. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करायचे, त्यामुळे पोरगं दुकानातल्या भंगारातच वाढलं. १८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं आणि चार वर्षांनी विंचेस्टर कंपनीने त्याची रायफल विकत घेतली. इथवरची गोष्ट एका हुशार कारागिराची आहे.

खरी कलाटणी मिळाली ती गवतामुळे. १८८९ च्या सुमारास गोळी सुटताना नळीतून निघालेल्या वायूच्या झोताने समोरचं गवत झोपलेलं त्याने पाहिलं. एवढी ताकद फुकट जातेय, हे त्याच्या डोक्यात बसलं. तोवर बहुतेक बंदुकांचा झटका म्हणजे नेमबाजाने खांद्यावर आणि मनगटावर सोसायची कटकट होती. ब्राउनिंगने वायूचा दाब आणि झटका दोघांनाही कामाला लावलं. रिकामं काडतूस बाहेर फेकायचं आणि पुढचं आत भरायचं काम आता बंदूक स्वतःच करू लागली.

१८९७ मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीशी त्याचा करार झाला आणि १९०० चं .३२ पिस्तूल आलं. यातली गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची आणि पिस्तूल सव्वासहाशे ग्रॅमचं. शिवाय नळी खाली, हाताच्या जवळ आणि स्प्रिंग तिच्या वर. नळी जितकी खाली, तितकं तोंड कमी उसळतं. नवख्या माणसालाही पेलेल असं हे पिस्तूल लाखोंनी खपलं.

पण अमेरिकन लष्कराला वेगळंच हवं होतं. फिलिपिन्सच्या लढाईत .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही माणसं चालून येतात, अशी सैनिकांची तक्रार होती. म्हणून ब्राउनिंगने .४५ चं काडतूस आणि त्यासाठीचं पिस्तूल बनवलं. १९११ च्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. पिस्तूल एकदाही अडकलं नाही.

आता हिशेब बघा. .४५ ची गोळी जवळपास १५ ग्रॅमची, म्हणजे .३२ च्या तिपटीहून जड. वेग मात्र दोन्हींचा फार वेगळा नाही. न्यूटनच्या नियमाने गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने पिस्तूल मागे येणार, म्हणजे .४५ चा रेटा साधारण तिप्पट. पण हे पिस्तूल १,१०० ग्रॅमचं आहे आणि जड वस्तू हळू ढकलली जाते. त्यात ब्राउनिंगने नळी आणि वरची सरकती स्लाइड सुरुवातीला एकमेकींत अडकवून ठेवली. दोन्ही थोडं अंतर एकत्र मागे येतात, मग सुटतात. त्यामुळे झटका क्षणभर का होईना, लांबतो. .४५ चालवलेले अनेक जण म्हणूनच त्याच्या झटक्याला चापटीपेक्षा ढकलणं म्हणतात.

गंमत आहे ती मधल्या .३८० ची. आकड्यावरून वाटतं की हे ९ मिमीपेक्षा सौम्य असणार, आणि काडतूस खरंच कमजोर आहे. पण ब्राउनिंगचं १९१० चं .३८० पिस्तूल सहाशे ग्रॅमचंही नव्हतं, आणि त्यात ती अडकवण्याची युक्तीही नव्हती. स्लाइड थेट मागे आदळते. त्यामुळे असं खिशातलं पिस्तूल हाताला पूर्ण आकाराच्या ९ मिमीइतकंच, कधी त्याहून तिखट लागतं. नुसतं कॅलिबर विचारून झटका कळत नाही, तो यामुळे.

याच १९१० च्या मॉडेलने १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने जून १९१४ मध्ये साराएवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं आणि पहिलं महायुद्ध पेटलं. त्या युद्धाच्या शेवटी अमेरिकन सैनिकांच्या हातात मशीनगनही ब्राउनिंगच्याच होत्या. कुणाच्याही हाताला झेपेल असं शस्त्र बनवलं, की ते कुणाच्याही हातात जातं.

नोव्हेंबर १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एफएनच्या कारखान्यातच, काम सुरू असताना, हृदय बंद पडून तो गेला. एक ९ मिमीचं पिस्तूल अर्धवट राहिलं होतं. ते द्युदोने सेव्ह या त्याच्या बेल्जियन सहकाऱ्याने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये बाजारात आलं. एका वेळी १३ गोळ्या, वजन नऊशे-हजार ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी एफएनचा कारखाना ताब्यात घेऊन ते स्वतःसाठी बनवलं, तर तिकडे कॅनडात इंग्लिस कंपनीने दोस्त राष्ट्रांसाठी. ईशापूरचं पिस्तूल या कॅनडातल्या नमुन्यावरून आलं.