पेशव्यांना न दिसलेला शत्रू

आजच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीर येथे १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. मराठी दौलतीचा तो भरभराटीचा काळ होता. पण वर्षभरातच पानिपत झाले. भाऊ आणि विश्वासराव रणात पडले. नानासाहेब पेशव्यांनी त्या दुःखाने हाय खाल्ली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पेशवाईची वस्त्रे आली ती सोळा वर्षांच्या माधवरावांकडे!

तिजोरीवर कर्जाचा डोंगर, सीमेवर निजाम आणि घरात चुलते रघुनाथराव. पण हा तरुण डगमगला नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी बीड जिल्ह्यातील राक्षसभुवनला त्यांनी निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला. जी गोदावरी पुढे नांदेडला जाते, तिच्याच काठी हा विजय मिळाला. हैदरअलीवर त्यांनी मोहिमा काढल्या, न्यायदानात रामशास्त्र्यांना मान दिला. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या.

मात्र एक शत्रू त्यांच्या देहातच दबा धरून होता. १७७० मध्ये हैदरवरील मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून त्यांना प्रकृतीपायी परतावे लागले. दुखणे राजयक्ष्म्याचे, म्हणजे क्षयाचे होते. तो शरीरात नेमका कुठे रुतला आहे, हे पाहण्याचे साधन तेव्हा कोणाजवळ नव्हते.

क्षय आतड्यात होतो, हाडांत होतो. पण त्याचे आवडते घर म्हणजे फुप्फुस. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो, बरगड्या फाकतात आणि हवा आत ओढली जाते. फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणे असतात. त्यांच्यामध्ये चमचा-दोन चमचे द्रव असतो, वंगणासारखा. क्षयाने हे आवरण सुजले, की तिथे पाणी साठते, कधी लिटरभरही. फुप्फुस दबते, धाप लागते, खोल श्वास घेताना बरगडीत चमक निघते. यालाच आपल्याकडे छातीत पाणी होणे म्हणतात.

योगायोग असा, की माधवराव पेशवे झाले त्याच १७६१ साली व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरांनी छातीवर बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. भरलेली आणि रिकामी घागर वेगळी वाजते, तसेच हे! त्यांच्या देशातही तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लेनेक यांचा स्टेथोस्कोप १८१६ मध्ये आला, कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला आणि पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले.

माधवराव तोवर कुठले थांबणार? थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे सत्तावीस. रमाबाई सती गेल्या.

पेशव्यांच्या खजिन्याला जे औषध मिळाले नाही, ते आज नांदेड-लातूरच्या सरकारी रुग्णालयांत गरिबालाही विनामूल्य मिळते. छातीतले पाणी सुईने काढून तपासता येते आणि साध्या क्षयावर साधारण सहा महिन्यांचे औषध पुरते. अट एकच: दोन आठवडे खोकला हटला नाही, संध्याकाळी ताप चढू लागला किंवा वजन घटले, तर दुखणे लपवू नये; आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. सत्ताविसाव्या वर्षी घरातला कर्ता माणूस जाणे म्हणजे काय, हे शनिवारवाड्याने सोसले आहे. आपल्या घरावर ती वेळ का येऊ द्यावी?