डॉ. सुब्बाराव

डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे झाला. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले! पुढे मद्रासला त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले.

तरुणपणीच त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने दगावले. या रोगात आतडी अन्नातील सत्त्व शोषून घेत नाहीत. रक्त कमी होते आणि रोगी पांढराफटक पडतो. सुब्बारावांनाही हा रोग जडला, पण ते वाचले.

रक्त कमी का होते? रक्तपेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. तेथे एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार अशा पेशी होत जातात. प्रत्येक वेळी पेशी लहान होते व तिच्यात तांबडे हिमोग्लोबिन भरते. शेवटी ती आपले केंद्रक टाकून देते आणि रक्तात उतरते. तेथे ती सुमारे १२० दिवस जगते. म्हणून मज्जेला दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार कराव्या लागतात. पेशीचे विभाजन होण्यासाठी पालेभाज्या व कलेजी यांत असणारे फॉलिक आम्ल लागते. ते न मिळाल्यास पेशी नुसती फुगते आणि पुष्कळदा मज्जेतच मरते.

मुंबईत डॉ. ल्यूसी विल्स यांनी गरोदर स्त्रियांचा असा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा केला होता. ही गोष्ट १९३१ साली प्रसिद्ध झाली. मात्र त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, ते कळले नव्हते.

सुब्बाराव अमेरिकेत बोस्टनला गेले. पोटासाठी त्यांनी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामे केली. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी मोठे संशोधन केले, तरी तेथे त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ली कंपनीत गेले. तेथे त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. संग्रहणीच्या रोग्यांना ते दिल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. भावांसाठी मात्र हे औषध फार उशिरा आले.

रक्ताच्या कर्करोगात याच्या उलट घडते. मज्जेतील कच्च्या पेशी वाढतच राहतात, पक्व होत नाहीत. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशींचे विभाजन रोखणारे ॲमिनोप्टेरिन तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांना काही काळ उतार पडला. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच वारले. ॲमिनोप्टेरिनचाच भाऊबंद असलेले मेथोट्रेक्सेट आजही अशा मुलांना देतात.