न आटणारा झरा
रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र

मृगाचा पाऊस पडला म्हणजे आपल्या मुकुटबनाच्या शिवारातील प्रत्येक खळगा पाण्याने भरून जातो. त्या दिवशी खळगा व विहीर ही दोन्ही सारखीच भरलेली दिसतात. खरी परीक्षा होते ती वैशाखात. वरून आलेले पाणी वरच्यावर आटून जाते. ज्या विहिरीस तळाशी जिवंत झरा आहे, तिच्यावरच मग सारा गाव पोहऱ्याने पाणी काढतो. मनुष्याच्या सुखाचेही असेच आहे. कवी टिळकांच्या आयुष्यावरून हे स्पष्ट दिसून येते.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे नाशकास राहून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. 1880 साली जलालपूरच्या गोखले घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. विद्वत्ता, वक्तृत्व व कवित्व हे तीनही गुण टिळकांच्या ठायी होते आणि लोकांकडून त्यांना मानही मिळे. परंतु चित्तास स्वस्थता म्हणून नव्हती. आज या गावी नोकरी, तर उद्या त्या गावी. मनात आले की घरातून निघून जावे, असा त्यांचा क्रम चाले. जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या देशबांधवांना उचलून धरील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांस रात्रंदिवस छळीत असे.

ते नागपुरास असताना एकदा आगगाडीने राजनांदगावास निघाले. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांस ते हास्यास्पद वाटले. तथापि पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले होते, आणि दिलेला शब्द पाळावा म्हणून ते वाचू लागले. वाचता वाचता ते प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन पोहोचले आणि तेथून त्यांचे पाऊल पुढे पडेना. जगाने ज्यांस दुर्दैवी म्हणावे, अशा दीनांस, शोक करणाऱ्यांस व छळ सोसणाऱ्यांस प्रभू तेथे धन्य म्हणतो. जे सुख आपण मानसन्मानात शोधीत होतो, ते येथे अगदी निराळ्या ठिकाणी ठेवलेले आहे, हे त्यांस दिसले. पुष्कळ मनन व पत्रव्यवहार केल्यावर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवसापासून सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र कोणी समजू नये. आप्तेष्टांनी संबंध तोडले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास राहिल्या. ही ताटातूट काही वर्षे टिकली. येथे एखादा वाचक विचारील की, ज्या श्रद्धेने भरले घर मोडले, तिला सुखाचा मार्ग कसे म्हणावे? प्रश्न योग्य आहे. टिळकांस त्या वियोगाचे अपार दुःख झाले आणि लक्ष्मीबाईंनी तर त्याहून अधिक सोसले. श्रद्धेने वेदना नाहीशी झाली नाही. परंतु पूर्वी जो मनुष्य थोड्याशा कारणाने घर सोडून जाई, तोच आता त्या वेदनेतही स्थिर उभा राहिला.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या, तेव्हा टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. त्यांचे सोवळेओवळे त्यांनी चालू दिले. माणसामाणसांतील भेद देवाने केलेले नाहीत, हे त्या बाईंस हळूहळू आपल्याच विचाराने पटत गेले आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपला प्रवास त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात मोठ्या सचोटीने सांगितला आहे. त्यात पतीचे दोषही त्यांनी झाकलेले नाहीत.

अहमदनगर, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, हेच टिळकांच्या सेवेचे मुख्य क्षेत्र झाले. 1904 साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर वाढलेल्या या कवीने ख्रिस्ताची स्तुती अभंगात, ओवीत व भजनात गाइली. त्यांनी शेकडो गीते रचिली, आणि खेड्यातील ज्या बाईस अक्षरओळख नाही, तीही ती तोंडपाठ म्हणू लागली. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एके काळी ज्या श्रद्धेमुळे दोघांत अंतर पडले, तिचेच गीत अशा रीतीने दोघांनी मिळून गाइले.

1917 साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडिली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांनी तेथे बंधुभावाने एकत्र यावे, ही त्यांची इच्छा होती. पुढे प्रकृती ढासळली, आणि 9 मे 1919 रोजी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात ते प्रभूच्या विसाव्यात गेले.

बंधुभगिनींनो, कापसाला भाव आला म्हणजे घरात हर्ष होतो. बोंडावर कीड पडली म्हणजे तो जातो. तो हर्ष खोटा नव्हे. देवाने दिलेला पाऊसच आहे, त्याबद्दल उपकार मानावे. परंतु त्यावरच जो विसंबला, त्याचा वैशाख फार कठीण जातो. टिळकांपाशी वतन नव्हते, साठविलेले द्रव्य नव्हते, आणि प्रिय माणसांचा वियोगही त्यांस चुकला नाही. तरी त्यांच्या अंतःकरणातील गाणे थांबले नाही, कारण त्याचा उगम परिस्थितीत नसून प्रभूच्या सहवासात होता.

आपल्यापैकी एखाद्यास विश्वासामुळे घरच्यांचा अबोला सोसावा लागत असेल, तर त्याने या चरित्राकडे पाहावे. जबरदस्ती करू नये, कडू बोलू नये आणि प्रीती सोडू नये. आज ओरड्यावर कोणी येत नसेल. तरी विहिरीने आपले पाणी गोड ठेवावे.