परीक्षेवर घेतलेली विद्यार्थिनी : कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवत यांची ओळख कला शाखेच्या विद्यार्थ्याला करून द्यावी लागत नाही. परंतु त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई या थोर जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. एकाच घरातील एक बहीण लोकसाहित्यात रमली, दुसरी रसायनात. आपण मात्र अकरावीला कला शाखा घेतली, की रसायनशास्त्राशी असलेला आपला संबंध कायमचा संपला असे धरून चालतो. कमलाबाईंचे चरित्र वाचल्यावर ही समजूत मला खोटी वाटू लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

कमलाबाईंचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, आणि तेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन तेव्हा संस्थेचे संचालक होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. काम पसंत पडले तरच पुढे मान्यता, आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांच्या अभ्यासात व्यत्यय येता कामा नये! वर्षभरात त्यांनी असे काम केले, की रामन यांचे समाधान झाले व इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. त्या अपमानाचे शल्य मात्र कमलाबाईंच्या मनातून कधीच गेले नाही.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनात ‘सायटोक्रोम सी’ हा पदार्थ भाग घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता! विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि पुढे तिच्या संचालकही झाल्या.

मुंबईतील त्यांचे एक संशोधन आम्हा नागावकरांच्या अगदी अंगणातले आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. माझे आजोबा माडावर चढून माडी काढीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु पहाटे उतरवलेला रस गोड व निवळ असतो, उन्हे चढली की तो फसफसतो, आणि मडक्याला आतून चुना लावला तर तो बराच वेळ टिकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हे सारे रसायनशास्त्रच नव्हे काय? रसातील साखरेचे आधी साध्या शर्करांत विघटन होते. मग किण्व नावाचे सूक्ष्म जीव अशा शर्करेच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार करतात. फेस येतो तो या वायूचा. चुना अल्कधर्मी असल्यामुळे किण्वांचे काम मंदावते. रस आणखी ठेवला तर मद्यार्काचे ॲसिटिक आम्ल होते, तोच शिरका. न आंबलेल्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह असते, आणि ती आहारात दिल्यास कुपोषित आदिवासी मुलांची व गर्भवती स्त्रियांची प्रकृती सुधारते, असे कमलाबाईंना आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या रसाला गावात दारूपलीकडे किंमत नव्हती, त्यात त्यांनी गरिबाचे पोषण पाहिले.

उतारवयात त्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेचे काम करू लागल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या व संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे निधन झाले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. दहावीनंतर, प्रयोगशाळेमुळे मुलीला घरी यायला उशीर होतो, म्हणून विज्ञान शाखा नको, असे वडीलधाऱ्यांनी ठरविले. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलींचे असेच झाले आहे. आम्ही सगळ्याच काही शास्त्रज्ञ झालो नसतो. पण कमलाबाईंना निदान एक वर्षाची परीक्षा तरी देता आली. आमच्या धाकट्या बहिणींना ती संधी आपण देणार आहोत की नाही, एवढेच मला माझ्या वाचकांना विचारायचे आहे.