आनंदीबाई जोशी आणि रोझेलचें घर

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें नांव आपण ऐकलेंच असेल. परदेशीं जाऊन पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते. परंतु परक्या घरांतील त्यांचे पहिले दिवस कसे गेले, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला. परंतु योग्य उपचारांच्या अभावीं तें अर्भक दहाच दिवसांत दगावलें. आपल्या भगिनींसाठीं स्त्रीच डॉक्टर झाली पाहिजे, हा निश्चय त्या दुःखांतून बळावला.

पत्नीच्या शिक्षणासाठीं गोपाळरावांनीं विल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. विल्डर यांनीं तें आपल्या मासिकांत छापलें. मात्र उभयतांनीं ख्रिस्ती व्हावें अशी त्यांची अपेक्षा होती, व ती जोशी दांपत्यास मान्य नव्हती. पुढें १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे खोळंबल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. त्यांचें अंतःकरण द्रवलें, आणि कोणतीही अट न घालतां त्यांनीं या अनोळखी मुलीस आपलें घर देऊं केलें. पुढें पत्रांचा क्रम सुरू राहिला व आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या.

फेब्रुवारी १८८३ मध्यें श्रीरामपूर येथें भरसभेंत आनंदीबाईंनीं आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं असें सांगितलें. ७ एप्रिल रोजीं पतीस मागें ठेवून त्या कलकत्त्याहून निघाल्या, आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्क बंदरीं उतरल्या. तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घेण्यास आल्या होत्या.

रोझेल येथें सर्वच नवें होतें: परकी भाषा, परक्या चालीरीती, आणि मांसाहारी लोकांत शाकाहाराचा नेम. अशा वेळीं कोणाचेंही मन संकोचतें. आनंदीबाईंनीं नऊवारी लुगडें व आपला आहार सोडला नाहीं. तरीपण त्या घरांत अलिप्त राहिल्या नाहींत. घरच्या माणसांत त्या मिसळल्या, व आपल्या हातचे हिंदी पदार्थ करून त्यांनीं त्यांना खाऊं घातले. कार्पेंटरबाईंनींही त्यांना धर्म बदलण्याचा आग्रह केला नाहीं. पत्रांतली मावशी अशा रीतीनें खरीखुरी मावशी झाली.

त्या उन्हाळ्यानंतर आनंदीबाई फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत दाखल झाल्या. तेथील थंडी त्यांना सोसेना. नऊवारी लुगड्यानें पाय उघडे राहत, म्हणून त्या गुजराती पद्धतीनें नेसूं लागल्या. प्रकृति खालावत गेली. पण अभ्यास सुटला नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाईही हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु तें काम त्यांच्या हातून घडावयाचें नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें क्षयानें त्यांचा अंत झाला. वयाचें बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, व त्यांनीं ती पोकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली.

ज्या घरानें अठरा वर्षांच्या परक्या मुलीस आपलें म्हटलें, त्यानें मरणानंतरही तिला परकें केलें नाहीं. आपल्या प्रभूनें शिकविलेली अतिथिप्रीति ती हीच. शिक्षणासाठीं घर सोडणाऱ्या विद्यार्थ्यानें आनंदीबाईंसारखें राहावें. आणि दुसऱ्याचें मूल दारीं आलें असतां आईबापांनीं कार्पेंटरबाईंची आठवण ठेवावी.